पहाटेचं दव, सकाळी अकरा वाजता

खरं तर हे मी सांगायचं नाही. तसं कबूल केलंय. म्हणजे कबूल मृणालने केलं, मान डोलावून. पण तेव्हा मी तिच्या गळ्यात होते, त्यामुळे तिच्या मानेबरोबर मीही हलले. त्याला आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवस मी गप्प आहे.

गप्प राहणं मला नवीन नाही. मी लेन्स आहे, कॅमेऱ्याची. शंभर मिलिमीटरची, मॅक्रो. आमच्या जातीचं काम बघण्याचं, बोलण्याचं नाही. पण आज मला ज्या टेबलावर ठेवलंय, तिथून समोरच्या भिंतीवरचा एक मोठा फोटो दिसतो. तो मीच काढलाय. त्याच्याखाली पाटी आहे, "पहाटेचं दव". ती वाचून वाचून माझ्या काचा तापल्या आहेत. म्हणून सांगते. ज्याला पटणार नाही त्याने पुढे वाचू नये.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात काचा आहेत. त्या इतक्या सावकाश घासल्या होत्या, की घासणारी बाई रोज संध्याकाळी घरी जाताना तीच काच अर्धवट सोडून जायची. दूरचे डोंगर, सूर्यास्त, क्रिकेटचे सामने बघायला इतर लेन्स असतात. मला जवळचं बघायला बनवलं. तांदळाच्या दाण्यावर बसलेली मुंगी मी अशी दाखवते, की तिच्या मिशीचे सांधे मोजता येतात.

जवळ गेलं की मात्र एक अडचण होते. गच्चीतून समोरची इमारत बघा. खिडकी स्पष्ट दिसते, तिच्या मागची पाण्याची टाकीही स्पष्ट दिसते. आता मुंगीच्या तोंडापर्यंत या. डोळा स्पष्ट दिसेल आणि मिशी धूसर, किंवा मिशी स्पष्ट आणि डोळा धूसर. जितकं जवळ जाल तितकी स्पष्ट दिसणाऱ्या जागेची जाडी कमी होत जाते. या जाडीला फोटोवाले डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. नाव लांबलचक आहे, गोष्ट एवढीच.

ही जाडी थोडीफार कमी-जास्त करता येते. त्यासाठी माझ्या कमरेला एक कडं आहे. त्यावर आकडे आहेत: २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा लहान तेव्हा माझं छिद्र मोठं, आकडा मोठा तेव्हा छिद्र लहान. नवीन माणसाचा पहिला घोळ इथेच होतो. अगदी जवळून २.८ ला काढाल तर नखाच्या कडेएवढं स्पष्ट येईल, बाकी सगळं धुकं. १६ ला निदान तांदळाच्या दाण्याची जाडी मिळते. २.८ पासून १६ पर्यंत कडं फिरवलं की पाच वेळा टक असा आवाज होतो. हे पाच टक लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य या पाच टकांमध्ये गेलंय.

मला विकत घेतलं डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने. नाव सांगत नाही, तो आता बंद आहे. तिथे मोठ्या नळांवर बसवायचे लोखंडी व्हॉल्व ओतायचे. ओतताना कधी कधी केसासारखा बारीक तडा जातो. तो शोधून त्याचा फोटो काढायचा, फोटो रिपोर्टला जोडायचा, हे काम महेंद्रकडे होतं. महेंद्र म्हणजे मृणालचा मामा. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि नजर माझ्यापेक्षा तेज होती. तो कडं कायम १६ वर ठेवायचा. "तड्याचं तोंड दिसलं पाहिजे आणि शेपूटही," असं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगायचा. मला ते काम आवडायचं. कोणी मला फुलं दाखवत नव्हतं, पण कोणी खोटंही बोलायला लावत नव्हतं.

मग एक दिवस त्याचे साहेब, गोपीनाथ, हातात चहाचा कप घेऊन टेबलापाशी आले.

"महेंद्र, हा फोटो जरा जास्तच भारी आलाय रे."

"साहेब, तडा आहे तो. कुठपर्यंत गेलाय बघायला पाहिजे."

"काही गेला नाहीये. मी बघितलाय. पण ह्या फोटोत माल घेणाऱ्या पार्टीला फक्त तडाच दिसणार. व्हॉल्व दिसू दे ना. लग्नात नाही का तू काढत, नवरी स्पष्ट आणि मागची माणसं गायब?"

"लग्नात काढतो, साहेब. इथे..."

"इथे पण काढ. एकच काढ. उद्या माल जायचाय."

साहेब गेले. महेंद्रने तड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने कडं धरलं. टक, टक, टक, टक, टक. त्याने मला व्हॉल्वच्या कडेवरच्या कंपनीच्या शिक्क्यावर रोखलं. शिक्का असा आला की जणू काल कोरलाय. तडा मागच्या राखाडी धुक्यात विरघळून गेला. फोटो सुंदर होता. मला राग येतो तो याचाच. वाईट असता तर कोणी पाठवला नसता.

तो व्हॉल्व पुढे कुठे बसवला, हे मला माहीत नाही. महेंद्रलाही नाही.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, टेबलं गेली, कॅमेरा आणि मी महेंद्रच्या घरी आलो. त्याने मला हातात घेतलं नाही. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि कपाटाला पाठ करून जेवायला बसला. पुढे त्याला शुगर निघाली, डोळ्यांवर परिणाम झाला. एकट्याने राहणं जमेना, म्हणून तो बहिणीकडे, म्हणजे मृणालच्या आईकडे, स्वप्नाकडे राहायला आला. माझं गाठोडं बरोबर होतं.

स्वप्नाने कुठेतरी ऐकलं की पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. ते खरं आहे. त्यावर तिने केलेला उपाय मात्र मी जन्मात विसरणार नाही. तिने मला तांदळाच्या डब्यात पुरलं.

"अगं स्वप्ना, लेन्स आहे ती. सोनं आहे का डब्यात, तिला राखणीला बसवलीस?" महेंद्र म्हणाला.

"तुझा फोन पाण्यात पडला तेव्हा तांदळातच ठेवलेला ना? झाला की नाही चालू?"

"फोनची गोष्ट वेगळी."

"मग राहू दे कपाटात. बुरशी लागली की भाजी कर तिची."

तांदळाने ओल शोषली की नाही ते तांदळाला ठाऊक. त्याची भुकटी मात्र माझ्या सांध्यात गेली. नंतर कितीतरी महिने माझं फोकसचं कडं फिरवलं की करकर आवाज यायचा, दाताखाली खडा आल्यासारखा. घराघरांत असं चालतं. ज्या वस्तूचं काम समजत नाही, तिची काळजी माणसं सर्वांत जास्त घेतात.

त्या डब्यातून मला मृणालने बाहेर काढलं. भात टाकायला गेली होती. ती तेव्हा आठवीत होती. मृणाल वर्गात हात वर करत नाही. बाईंनी उठवलं तर ओठ हलतात, आवाज येत नाही. रिक्षावाल्याला थांबवायचं असेल तर ती उतरायच्या दोन स्टॉप आधीपासून मनात तयारी करते. पण तिला दिसतं. घरातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत मावा पडलाय, हे तिला पानं वळायच्या आठ दिवस आधी दिसलं होतं. तिने मला फुंकर मारून साफ केलं आणि मामाकडे नेलं. मामाने मला नुसतं चाचपून ओळखलं.

शिकवणी गॅलरीत, त्याच कढीपत्त्यापाशी सुरू झाली.

"कडं फिरवत बसू नकोस. कडं एका जागी ठेव आणि तू हल. थोडी पुढे, थोडी मागे. मुंगीचा डोळा चमकला की दाब."

"मामा, मी हलले की सगळंच हलतं."

"म्हणून श्वास अर्धा सोड आणि थांब. पूर्ण सोडू नकोस, चक्कर येईल."

"आकडा कितीवर ठेवू?"

"आठ. मग अकरा. २.८ ला जायची घाई नको. तिथे सगळंच छान दिसतं, नवीन माणूस भुलतो."

"पण मुंगीची शेपूट धूसर येते."

"मुंगी आडवी चाललीय ना? मग तूही आडवी हो. तिच्या अंगाला समांतर. स्पष्ट जागेची जाडी कमी असते, लांबी-रुंदी नाही. मुंगीला त्या लांबीत बसव."

चाळीस फोटो वाया गेले. एक्केचाळिसाव्यात मुंगी डोक्यापासून शेपटीपर्यंत आली, पायावरच्या केसांसकट. मृणालने तो मामाला दाखवला आणि मग तिच्या लक्षात आलं की त्याला तो दिसत नाही. त्याच्या नजरेत मधोमध धुकं आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी तो म्हणाला, "आलाय. तुझ्या श्वासावरून कळलं."

ते दोन महिने माझे सर्वांत चांगले गेले. ते तसेच राहायला हवे होते.

नववीत मृणालच्या शाळेने काही मुलांची नावं ठाण्यातल्या एका फोटोच्या वर्गाला दिली. वर्ग घ्यायचे आनंदसर. घोडबंदर रोडवर त्यांच्या टॉवरला मोठी बाग आहे, कमळाचं टाकं आहे. सर वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही एक बाजू धूसर केल्यासारखं होईल. ते हसवायचे. कोणाचा फोटो बिघडला तर ओरडायचे नाहीत. मृणाल बोलत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तिला कधी मुद्दाम उभं केलं नाही. तिला ते आवडायचे.

तेवीस दिवसांपूर्वीच्या त्या रविवारी सगळ्यांनी त्या बागेत सातला जमायचं होतं. सकाळी ऊन कोवळं असतं, किडे गारठलेले असतात, हलत नाहीत. पण घोडबंदरला रस्ता खोदलेला, बस साडेतीन तास जागची हलली नाही. मुलं पोचली तेव्हा अकरा वाजायला आले होते. टाक्यावर चतुर, ते चार पंखांचे किडे, असे सुसाट फिरत होते, की एकाचाही फोटो कोणाला मिळेना. त्यात हे सगळे फोटो ठाण्याच्या आंतरशालेय प्रदर्शनाला जायचे होते.

"काही टेन्शन घेऊ नका," सर म्हणाले. "सरांनी सोय केलीय."

ते लिफ्टने वर गेले आणि आइस्क्रीमचा डबा घेऊन खाली आले. आधी मुलं खूश झाली. सरांनी झाकण काढलं. आत टिशू पेपरवर एक चतुर आडवा पडला होता. आदल्या दिवशी पकडून फ्रिजमध्ये ठेवलेला.

"मेलाय?" उर्वीने विचारलं. उर्वी त्याच टॉवरमध्ये राहते, मृणालच्या अगदी उलट, तोंडाने अखंड चालू.

"झोपलाय. थंडीत हे झोपतात. आता उन्हात उठेल, आपल्याला पाच मिनिटं मिळतील."

सरांनी दात कोरायच्या काडीने लिलीच्या देठाला पांढऱ्या गोंदाचा एक ठिपका लावला आणि त्यावर चतुराचे पाय टेकवले.

"सर, त्याला दुखणार नाही?"

"अगं, किड्याला काय दुखतं? तुझ्या आइस्क्रीमला दुखतं का?"

मुलं हसली. मृणाल हसली नाही.

बाहेरच्या दमट हवेत त्या थंडगार अंगावर थेंब धरू लागले. डोळ्यांवर, पंखांवर, पाठीवर. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतात तसे. "बघा, पहाट झाली," सर म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मृणाल, तुझी लेन्स बघू. बापरे, ही तर माझ्यापेक्षा म्हातारी. ये, तू पुढे ये. इथे अकरा नको. २.८ ला ठेव."

मृणालने त्यांच्याकडे बघितलं.

"डोळे मिळाले की बस. पाय दिसायला नकोत ना, गोंद दिसेल."

कडं त्यांनी स्वतःच फिरवलं. टक, टक, टक, टक. अकरापासून २.८. व्हॉल्वनंतर एकोणीस वर्षांनी तेच.

मला डोळे मिटता येत नाहीत. मृणालने बटण दाबलं. तो फोटो म्हणजेच आता समोर भिंतीवर लावलेला. दोन टपोरे डोळे, त्यांवर मोत्यांसारखे थेंब, मागे हिरवं धुकं. पाय धुक्यात. गोंद धुक्यात. सकाळचे अकरा धुक्यात.

सगळ्यांचे फोटो काढून झाले. "सोडून द्या आता त्याला, उडून जाईल," असं म्हणून सर मुलांना लिंबू सरबताकडे घेऊन गेले. मृणाल मागे राहिली. ऊन चढत होतं. चतुराचे पंख थरथरू लागले. उडायच्या आधी ते असेच अंग तापवतात. मग तो ओढू लागला. एक पाय सुटला. दोन सुटले. मृणालने हात पुढे केला, तसे सर लांबून म्हणाले, "हात नको लावूस गं, पंख फाटतील." तेही खरंच होतं. तिने हात मागे घेतला.

मग तिने मला डोळ्याला लावलं आणि कोणी न सांगता कडं फिरवलं. पाच टक. १६ ला माझं छिद्र एवढंसं होतं, प्रकाश कमी पडतो. म्हणून ऊन परतवायला तिने वहीतलं पांढरं पान फाडून देठाच्या पलीकडे टेकवलं. देठाला समांतर झाली. श्वास अर्धा सोडला.

चतुर उडाला. एक पाय गोंदात राहिला.

तिने फोटो काढला. देठ, गोंद आणि उभा राहिलेला एक पाय, त्याच्यावरच्या काट्यांसकट. काहीच धूसर नाही. इतका स्पष्ट फोटो मी आयुष्यात काढलेला नाही, आणि काढल्याचा आनंद झाला नाही असाही तो एकच.

निघताना फाटकापाशी सर सगळ्यांना म्हणाले, "हे फ्रिजचं वगैरे आपल्यातच ठेवायचं हं. लोकांना समजत नाही, उगाच गैरसमज करून घेतात. कबूल?"

मुलं ओरडली, "कबूल." मृणालने मान डोलावली. मला सरांचा राग आला होताच. त्या क्षणी तिचाही आला. तुझ्याजवळ तो फोटो आहे, आणि तू मान डोलावतेस?

प्रदर्शनाला कोणता फोटो पाठवायचा ते सरांनीच ठरवलं, पाटीही त्यांनीच लिहिली. दोन आठवड्यांनी त्यांचा स्वप्नाला फोन आला. पहिलं बक्षीस. स्वप्नाने फोन ठेवला नाही, तसाच हातात धरून शेजारच्या शांताबाईंचं दार वाजवलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर होता. "आमच्या मृणालने पहाटे उठून काढला," असं ती सांगत होती. पहाटे कोणी उठलं नव्हतं, पण पाटीवर तसंच होतं ना. बुद्धविहारात पुढच्या रविवारी सत्कार करायचा ठरला.

त्या रविवारी मृणाल मला घेऊन विहारात गेली. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. मी तिच्या मांडीवर होते, तिचा आवाज मला पोटातून ऐकू येतो. पहिलं शील, कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही. तिचा आवाज अर्धा झाला. दुसरं, तिसरं ठीक. चौथं, खोटं बोलणार नाही. तिथे आवाजच नव्हता. पाचव्याला परत आला. मग तिला गुलाबाचं फूल दिलं, टाळ्या वाजल्या. ती खाली बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, लाजाळू आहे.

पायऱ्यांवर चपला घालताना मामा म्हणाला, "चौथं शील गिळलंस."

"घसा बसलाय."

"पहिलंही अर्धंच म्हणालीस. दोनच शिलांना घसा बसतो होय?"

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो १६ चा फोटो उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

"मला नाही दिसत, बाळा. तू सांग."

तिच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. दाखवून भागणार नव्हतं.

"देठ आहे," ती म्हणाली.

"आणि?"

"गोंद. आणि पाय."

"कोणाचा?"

"चतुराचा."

"मग चतुर कुठाय?"

"गेला. पाच पाय घेऊन." आणि मग तिने सगळं सांगितलं, डब्यापासून पाटीपर्यंत. एवढी वाक्यं मी तिच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती.

मामाने तिला सल्ला दिला नाही. त्याने तिला व्हॉल्वची गोष्ट सांगितली. तड्याची, शिक्क्याची, चहाच्या कपाची.

"मग तू कोणाला सांगितलंस?"

"आत्ता. तुला."

"एकोणीस वर्षांनी?"

"हो. अजून एमआयडीसीत कुठे काही मोठ्याने वाजलं की मला आधी माझा व्हॉल्व आठवतो." तो काठी टेकत उठला. "काय कर ते मी नाही सांगणार. सांगायचा हक्क मी घालवला. फक्त तो फोटो पुसू नकोस."

इतकी वर्षं मला वाटायचं, मला कपाटात टाकलं म्हणून मी त्याच्यावर चिडले आहे. त्या दिवशी कळलं, त्याने माझ्याकडे पाठ का केली होती. राग कमी झाला असं नाही. पण तो कुठे ठेवायचा ते कळलं.

आता आजची गोष्ट. टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलंय. थोड्या वेळात बक्षीस समारंभ आहे. विजेत्यांची साधनं मांडायची म्हणून मला कॅमेऱ्यासकट या टेबलावर ठेवलंय, पांढऱ्या कापडावर, नववधूसारखं. मृणाल सगळ्यांच्या आधी आली. तिने दप्तरातून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला, कंपासमधून चार टाचण्या काढल्या आणि मोठ्या फोटोच्या खाली तो लावला. त्यावर पेन्सिलने लिहिलंय: "हाही माझाच फोटो आहे. त्याच देठाचा. सकाळी ११ वाजून २० मिनिटं." मग ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

आनंदसर आले, मोठ्या फोटोपुढे उभं राहून त्यांनी सेल्फी काढला. खालचा त्यांना दिसला नाही. माणसं मोठं बघतात. स्वप्ना नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलीय, मामा शेजारी. खालचा फोटो पहिल्यांदा दिसला उर्वीला. ती धावत मागे गेली.

"अगं वेडी आहेस का? बक्षीस जाईल ना."

"माहितीये."

"आणि सरांचं काय? सगळ्यांसमोर?"

उर्वी परत फोटोपाशी आली. मला वाटलं, काढून टाकेल. तिने इकडेतिकडे बघितलं. एक टाचणी सैल होती, ती अंगठ्याने दाबली आणि जागेवर जाऊन बसली.

आणि आता परीक्षक आसावरीबाई फोटोंसमोरून चालल्या आहेत. त्यांनी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, असं मघाशी माइकवर सांगितलं. त्या मोठ्या फोटोपुढून पुढे गेल्या. थांबल्या. मागे आल्या. चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या आहेत.

त्या वाकलेल्या आहेत तोवर मी तुम्हाला एवढंच सांगते, कारण तुमच्यातले काही जण नवीन असतील, कॅमेरा हातात घेऊन कडं कुठे फिरवायचं म्हणून विचारत असतील. धूसर करायला शिका, जरूर शिका. मागची दोरीवरची कापडं, कचऱ्याचा डबा, कोणाची तंगडी, खुशाल धूसर करा. पण कडं २.८ कडे नेताना हाताला विचारा, मी काय लपवतोय? उत्तर देताना जीभ अडखळली, तर १६ वर न्या. आणि ज्याचा फोटो काढता आहात, त्याला फोटो झाल्यावर सगळ्या पायांनिशी जाता आलं पाहिजे. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मला त्याचाही राग आहे.

"हा खालचा फोटो कोणी लावला?" आसावरीबाईंनी विचारलं.

"मॅडम, तो चुकून लागला असेल," सर पुढे झाले आहेत. आता त्यांनी वाचलंय. हसतायत, पण कान लाल झालेत.

"चुकून चार टाचण्या लागत नाहीत, सर." त्या हॉलकडे वळल्या. "मृणाल साळवे कोण? इकडे ये, बाळ. येताना तुझा कॅमेरा घेऊन ये, आणि हा फोटो कसा काढलास ते मला पहिल्यापासून सांग."

पहिल्या रांगेत स्वप्ना मागे वळली आहे. तिला अजून काही माहीत नाही, ती हसतेय. मामाने मान खाली घातलीय, कान टवकारलेत. शेवटच्या रांगेतून मृणाल उठली. बाकांच्या मधून येतेय, नेहमीसारखी भिंतीला धरून नाही, मधून. टेबलापाशी आली. तिची बोटं माझ्या कड्यावर आहेत, कडं बरोबर १६ वर आहे. तिने श्वास अर्धा सोडला. मृणाल, झाकण नको लावूस, निदान आज तरी नको, कारण इतकी वर्षं जे मी नुसतं बघत आले ते तू आता तोंडाने सांगणार आहेस, आणि मला तेही बघायचंय.